रत्नमालाचा परवाना

रत्नमालाबद्दल एखाद्या चांगल्या लिहिणाऱ्याने लिहायला हवे होते. आमच्या कामरगावात तसा कुणी सापडेना, म्हणून मी बसलो आहे. काही चुकले तर ती सांगेलच. ती शेजारीच राहते.

तिचा नवरा प्रसेनजित कामरगाव ते कारंजा ऑटो चालवायचा. दोन वर्षांपूर्वी घरावर टिनं टाकताना तो पडला आणि कमरेचे हाड मोडले. काठी घेऊन चालू लागला, पण ऑटो सुटला. अंगणात उभ्या ऑटोत कोंबड्या अंडी घालू लागल्या. रत्नमाला तेव्हा लोकांच्या शेतात सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, जायची. एका संध्याकाळी तिने कोंबड्या हाकलल्या आणि जाहीर केले, की ऑटो विकायचा नाही, तो ती चालवणार.

मास्तर घरचाच होता. सकाळी सहाला बाजाराच्या मैदानात प्रसेनजित खुर्चीवर बसून ओरडायचा आणि ती चुन्याने आखलेल्या आठच्या आकड्यावर ऑटो फिरवायची. मग विळा घेऊन कामावर. बघे चहाचा कप घेऊन जमत. कुणी म्हणे, आठ राहू दे, आधी एक काढ. ती हसायची आणि पुन्हा फिरवायची.

कारंज्याला महिन्यातून एकदा परवान्याच्या परीक्षेचे शिबिर भरते. दीर अश्वजित ऑटो तिथवर नेऊन द्यायचा. पहिल्या खेपेला मागचे चाक रेघेबाहेर गेले. नापास.

दुसऱ्या खेपेला आठ झकास निघाला. मग परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब मागे बसले आणि रस्त्यावर घ्यायला सांगितले. नाक्यावर आमच्या गावची धुरपताबाई पिशवी घेऊन उभी होती. तिने हात केला. आमच्या रस्त्यावर हात केला की ऑटो थांबतो, मग आत जागा असो वा नसो. रत्नमालाने थांबवला. धुरपताबाई चढली आणि साहेबांना म्हणाली, "सरक थोडा, बापू."

साहेब सरकले. मग म्हणाले, "बाई, ही परीक्षा आहे."

"मालूम हाय, साहेब. पण म्हातारी उनात उभी होती."

पुन्हा नापास. धुरपताबाईला खाली उतरवायला साहेबांनाच दहा मिनिटे लागली.

तिसऱ्या खेपेला वळताना तिने वळणाचा दिवा लावला नाही, हात बाहेर काढला. तिसऱ्यांदा नापास. त्या ऑटोचा दिवा कित्येक वर्षे लागतच नव्हता, म्हणून प्रसेनजितने तिला हातच शिकवला होता. ती घरी आली. प्रसेनजित म्हणाला, पुरे आता, विकून टाकू. दुसऱ्या दिवशी तिने ऑटो घेऊन अश्वजितला मिस्त्रीकडे पाठवले आणि दिवा दुरुस्त करून घेतला. त्यानंतर सकाळी सहाला मैदानातून पुन्हा प्रसेनजितच्या ओरडण्याचा आवाज यायला लागला.

चौथ्या खेपेला ती पास झाली.

परवाना पोस्टाने आला, त्याच दिवशी तिने ऑटो स्टँडवर लावला. तीन बाया बसल्या. चौथा प्रसेनजित, काठीसकट. गाव सुटले नाही तोच तो मागून सांगू लागला: ब्रेक, खड्डा, हॉर्न.

"तुमी कायले आले?" तिने मान न वळवता विचारले.

"डॉक्टरले कंबर दाखवाले."

"मंग कंबर सांभाळा. रस्त्याकडं माह्यं ध्यान हाय."

त्यानंतर कारंज्यापर्यंत तो एक शब्द बोलला नाही, असे ती सांगते. तो म्हणतो, दोनदा बोलला.