क्वार्टरबॅकची सही

कॉलेजात असताना मी क्वार्टरबॅक होते. हे सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे काय? मी समजावून सांगते. सांगता सांगता माझा आवाज चढतो, तेव्हा समोरचा गोंधळतो. त्याला गंमत ऐकायची असते: नंदुरबार जिल्हा, मारवाड्याची मुलगी आणि अमेरिकन फुटबॉल. पुढचं कोणाला नको असतं. ते आज लिहून काढते.

या खेळाला फुटबॉल म्हणतात, पण तो हाताने खेळतात. आमचा प्रकार बिनधक्क्याचा होता. एका बाजूला पाच जणी, प्रत्येकीच्या कमरेच्या पट्ट्याला दोन कापडी फिती लटकवलेल्या. बॉल घेऊन पळणारीची फीत ओढली की डाव थांबतो. क्वार्टरबॅक सगळ्यांच्या मागे उभी असते. बॉल आधी तिच्या हातात येतो आणि कोणाकडे फेकायचा हे तिने दोन-तीन श्वासांत ठरवायचं असतं. बॉल दोन्ही टोकांना निमुळता. आमच्या भागात पपईचे मळे भरपूर, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचं नाव पपई पडलं.

आमचं भांड्यांचं दुकान आहे. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी आणि शाळेत मराठी अशा तीन भाषांत मी वाढले. लहानपणापासून माझी जागा दुकानाच्या पोटमाळ्यावर. गिऱ्हाइकाने डबा मागितला की मी वरून टाकायची आणि पप्पा खाली झेलायचे. एकदा आमच्या कॉलेजचे क्रीडा विभागाचे सर स्नेहसंमेलनासाठी ट्रॉफ्या घ्यायला आले. मी वरून एकामागून एक सहा ट्रॉफ्या टाकल्या, पप्पांनी गप्पा मारत मारत झेलल्या. सर वर बघतच राहिले. मग पप्पांना म्हणाले, "शेठ, पोरगीना हात भारी शे. मैदानवर धाडा तिले."

पप्पांनी हो म्हटलं, याचं आमच्या नातेवाइकांना अजून नवल वाटतं. मम्मीची एकच अट होती. चातुर्मासात आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही, म्हणून डबा सोबत न्यायचा. ऊन उतरायला लागलं की मी रेषेबाहेर बसून खाखरे खायची आणि बाकीच्या मुली मला हसायच्या.

सर चांगलं शिकवायचे. हे लिहिलं नाही तर माझा राग खोटा ठरेल. स्वतः मोबाइलवर व्हिडिओ बघून ते खेळ शिकले होते आणि सकाळी साडेपाचला आमच्याआधी मैदानावर हजर असायचे. माझं मनगट कसं वळतं ते त्यांनी महिनाभर रोज पाहिलं आणि सुधारलं. माझ्यावर त्यांच्याइतका विश्वास तोवर कोणी टाकला नव्हता. म्हणूनच पुढचं मला माफ करता येत नाही.

आणि ती होती. धडगावच्या वरच्या पाड्यावरची पावरा आदिवासी मुलगी, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, आश्रमशाळेत शिकलेली. पहिले दोन महिने ती माझ्याशी जवळजवळ बोललीच नाही. पण ती अशी पळायची की बॉल आधी फेकायचा आणि ती तिथे पोचेल अशी खात्री धरायची. हळूहळू आमच्या चालींना आम्ही नावं ठेवली. ती सरळ पळून एकदम थांबली की त्या चालीचं नाव जीप, कारण धडगावच्या जीप कोणी हात केला की जागच्या जागी थांबतात. वळणं घेत डावीकडे गेली की घाट. सरळ जाऊन उजवीकडे वळली की म्हसावद, त्या गावाच्या फाट्यासारखं. दुसऱ्या संघांना वाटायचं आम्ही गावाला जायचं ठरवतोय.

दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेत आम्ही पहिल्या आलो. शेवटचा पास मी न बघता फेकला होता. ती कुठे असेल ते मला ठाऊक होतं. सामन्यानंतर ती पहिल्यांदा माझ्या डब्यातला खाखरा न विचारता उचलून खायला लागली. आमच्या मैत्रीत त्याहून मोठा क्षण मला आठवत नाही.

तिसऱ्या वर्षी राज्याच्या संघाची निवड चाचणी आमच्याच जिल्ह्यात ठरली. आदल्या दिवशी त्या मैदानावर कसलीशी सभा झाली होती. सकाळी गेलो तर मांडवाचे खुंट उपटून नेलेले आणि डाव्या बाजूला ओळीने खड्डे, काही घोट्यापेक्षा खोल. मी सरांना दाखवले. सरांनी चाचणी घेणाऱ्या राज्य संघटनेच्या माणसाकडे पाहिलं. तो पाहुण्यांना चहा देण्यात गुंतला होता. सर मला म्हणाले की आता तक्रार करायची वेळ नाही, त्या बाजूला खेळू नका म्हणजे झालं. मी मुलींना तसं सांगितलं.

दुसऱ्या डावात माझ्यावर दोघी धावून आल्या. उजवीकडे कोणी मोकळं नव्हतं. डावीकडे ती होती, घाट चालीतली, आणि तिने हात वर केला होता. मी फेकला. बॉल उंच गेला, हातभर जास्तच. तिने उडी मारली, बॉल झेलला आणि खाली आली ती खड्ड्यात. गुडघा आतल्या बाजूला वळला. आवाज मला माझ्या जागेवर ऐकू आला. ती ओरडली नाही. बॉल छातीशी धरून पडून राहिली आणि सरांनी तो तिच्या हातातून काढून घेतला तेव्हा तिने विचारलं, "धरलं जातं ना हे?"

सरकारी दवाखान्यात एक्स-रे निघाला. हाड शाबूत होतं. डॉक्टर म्हणाले की आतला स्नायुबंध तुटला असावा, मोठी तपासणी बाहेर करावी लागेल, बहुतेक शस्त्रक्रियाही. सरांनी मान हलवली आणि तिला पट्टी बांधून वसतिगृहात सोडलं.

तिसऱ्या दिवशी सरांनी मला जिमखान्याच्या खोलीत बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं की सदर विद्यार्थिनी वसतिगृहाच्या न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिला दुखापत झाली. खाली साक्षीदार म्हणून संघाची कर्णधार, म्हणजे मी.

मी म्हटलं, "सर, हे खरं नाही."

सरांनी दार लोटून घेतलं. त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं. मैदानाची रीतसर परवानगी घेतलेली नव्हती. प्रकरण वर गेलं तर चाचणी रद्द होईल, आमच्या जिल्ह्याचा संघ बाद होईल, सगळ्या मुलींचं वर्ष जाईल. माझी निवड झालेली आहे, पत्र यायचंय फक्त. मग ते अहिराणीवर आले. मायेने बोलायचं असलं की ते अहिराणीत बोलायचे.

"तिन्हं आते काही व्हनार नही, बेटा. तुन्हं तरी होऊ दे."

दुकानदाराची मुलगी आहे मी. वाचल्याशिवाय कशावर सही करायची नाही हे मला पहिलीच्या आधी शिकवलेलं. मी तो कागद वाचला. दोनदा वाचला. आणि सही केली.

कोणी माझा हात धरला नव्हता. त्या खोलीतून बाहेर पडताना माझ्या मनात अपराधाची भावना होती असं सांगायला मला आवडेल, पण खरं म्हणजे मला हलकं वाटत होतं. मी राज्याच्या संघाची क्वार्टरबॅक होणार होते.

ती घरी गेली होती. मी राष्ट्रीय स्पर्धेला गेले. तीन सामने खेळलो, तिन्ही हरलो. मी चांगली खेळले, असं सगळे म्हणाले. संघातल्या मुली मोठ्या शहरांतल्या होत्या, महागडे बूट घातलेल्या, आणि त्यांना माझ्या चालींची नावं गमतीची वाटायची. एका डावात मी सवयीने घाट म्हणाले. कोणीच हललं नाही.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी मी धडगावला गेले. होळीच्या आधीचा बाजार होता, जीपमध्ये माणसांच्या मांडीवर माणसं. पुढे पाड्यापर्यंत तासभर चालावं लागलं. ती ओट्यावर पाय लांब करून मका सोलत बसली होती. गुडघा अजून सुजलेला. तिने मला बसायला सांगितलं, पाणी आणायला धाकट्या बहिणीला हाक मारली आणि मग आत जाऊन, भिंतीला धरत, एक कागद घेऊन आली.

खेळाडू विद्यार्थ्यांच्या अपघात योजनेतून मदत मिळावी म्हणून तिच्या वडिलांनी कॉलेजात अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. खेळताना दुखापत झालेली नाही, असं कारण. सोबत पुरावा म्हणून माझ्या सहीच्या कागदाची झेरॉक्स जोडलेली.

ती म्हणाली, "माझ्या वडिलांना मराठी वाचता येत नाही. तू वाच. मी त्यांना सांगते."

तिचे वडील समोर उकिडवे बसले. मी एक वाक्य वाचायची, ती ते पावरीत सांगायची. न्हाणीघर या शब्दाशी ती अडली, मग हातांनी अंघोळीची खूण केली. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. कागद चारच ओळींचा होता. शेवटी माझं नाव वाचायचं होतं, तेही मी वाचलं. त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

वडिलांनी तिला काहीतरी विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते विचारतात, त्या दिवशी तू तिथे होतीस ना?"

मी हो म्हटलं.

त्यानंतर ते उठून शेताकडे गेले. ती पुन्हा मका सोलायला लागली. मी रडत होते आणि त्याचा तिला वैताग आला होता, हे दिसत होतं. ती म्हणाली, "बॉल उंच आला त्याचं मला काही नाही. मी तो पकडला. पण यावर तू वाचून सही केलीस. तू न वाचता सही करणारी नाहीस, हे मला माहीत आहे."

जीपमध्ये परतताना मला पहिल्यांदा राग आला. आधी स्वतःचा आणि घाट उतरेपर्यंत सरांचा. तो अजून उतरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले आणि तो कागद मागे घ्या म्हटलं. त्यांनी मला बसवलं, समजावलं, मग आवाज चढवला. मी कृतघ्न आहे, म्हणाले. त्यांनी मला पोटमाळ्यावरून खाली आणलं, नाहीतर मी आयुष्यभर डबे टाकत बसले असते. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते जास्त झोंबलं. मी म्हटलं, "सर, तुम्ही तिच्या हातातून बॉल काढून घेतलात. तुम्ही तिथे होतात."

घरी येऊन मी पप्पांना सगळं सांगितलं. ते मला दुकानात घेऊन गेले. मग गल्ल्यावरचा कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले की आधीची सही माझीच आहे हे पहिल्या ओळीत लिही. मी प्राचार्यांना पत्र लिहिलं. मैदान, खड्डे, मी सरांना दाखवलेले, माझा उंच गेलेला पास, टाइप केलेला कागद, सगळं.

दोन प्राध्यापकांची समिती नेमली. त्यांनी मला विचारलं की खरं सांगायला इतका उशीर का झाला, आणि हाच प्रश्न तीन प्रकारे विचारला. सरांना काय विचारलं ते मला कळलं नाही. संघातल्या बाकीच्या तिघींनी सांगितलं की त्यांना आठवत नाही. त्यांतल्या दोघी त्या दिवशी तिला उचलून गाडीपर्यंत घेऊन गेल्या होत्या. अहवालात लिहिलं की दोन खेळाडूंमधल्या मतभेदातून हे प्रकरण उद्भवलं. मतभेद! आमच्यात तोवर एकच मतभेद झाला होता, खाखऱ्याला मीठ जास्त आहे की कमी याचा.

माझं कर्णधारपद गेलं, मग संघातली जागाही. परीक्षा संपेपर्यंत मी मैदानाजवळून सायकल नेत नसे. तिला मदत मिळाली नाही. दीड वर्षाने एका शिबिरात आलेल्या डॉक्टरांनी तिची शस्त्रक्रिया केली. ती चालते, जड वस्तू उचलते, पण पाड्यावरून खाली उतरताना पाय आडवे टाकत उतरते. पळत नाही. बी.ए. तिने घरून पूर्ण केलं. आता धडगावात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याच्या केंद्रात काम करते. माणसं तिच्याकडे लांबून येतात, कारण ती भरलेला अर्ज पावरीत वाचून दाखवल्याशिवाय कोणाचा अंगठा घेत नाही.

आम्ही बोलतो. महिन्यातून एखादा फोन. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही आणि तिने आपणहून सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी सरांचा फोन आला. हा खेळ आता ऑलिंपिकमध्ये येतोय, कॉलेजने नवा संघ बांधलाय, आदिवासी मुली भरपूर आल्यात, तू ये आणि त्यांच्याशी चार शब्द बोल. जुनं सगळं विसरून जाऊ, म्हणाले. आवाज तोच, सकाळी साडेपाचचा.

मी विचारलं, तिलाही बोलावलंय का?

"कोणाला?" सर म्हणाले.

ते नाटक करत नव्हते. मी तिचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, पाड्याचं नाव सांगितलं. मग गुडघा म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "हां, हां, ती. कशी आहे?" मी फोन ठेवला. दुकानात गिऱ्हाईक होतं. पप्पांनी माझ्याकडे बघून त्याला दुसरी कढई दाखवायला घेतली आणि मी मागच्या बाजूला जाऊन भिंतीवर हात आपटला, इतका की दोन दिवस बोटं मिटत नव्हती.

संध्याकाळी मी तिला फोन करून हे सांगितलं. सांगावं की नाही याचा दिवसभर विचार केला होता. मागे कोणीतरी आधार कार्डाबद्दल विचारत होतं, त्याला तिने थांबायला सांगितलं.

मग म्हणाली, "त्यांना सांग, मला बोलावलं तर मी येईन. त्या मुलींशी बोलायला माझ्याकडे खूप आहे. आणि मी पावरीत बोलेन, सरांना काही कळणार नाही."

मी सरांना तसा मेसेज पाठवला, तिचा नंबर दिला, धडगावहून येण्याची सोय मी करीन असं लिहिलं. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर नाही. मी दर महिन्याला तोच मेसेज पुन्हा पाठवते.