मर्ल प्रॉसरची अकरा मुलं

मर्ल प्रॉसरने लग्न केलं नाही, तिला मूलबाळ नाही, आणि दुसऱ्याचं मूल दहा मिनिटांच्या वर मांडीवर घ्यायची तिला हौसही नाही. तरी सरकारी कागदांवर तिच्या दोन बेडरूमच्या घरात पाच वर्षांखालची अकरा मुलं राहत होती. त्या अकरांची पत्रं तिच्या पेटीत टाकणारी मी. बावीस वर्षं झाली मला पेल्डरीत टपाल वाटायला, आणि सगळ्या गावात पंट रोडवरची दोन नंबरची पेटी जितकी फुगते तितकी हॉटेलचीही फुगत नाही.

पेल्डरी गाव म्हणायला एक, पण मधून नदी वाहते आणि नदीबरोबर राज्याची हद्द. दक्षिण काठावर दवाखाना, बाळांची नर्स, खेळघर, सगळं आहे. उत्तर काठावर पेट्रोल पंप, आमिषाचं दुकान आणि साडेसहाशे माणसं. उत्तरेच्या राज्याचीही बाळांची नर्स आहे, नाही असं नाही. ती दोनशे साठ किलोमीटरवर बसते. पूल ओलांडायला माझ्या मोटरसायकलला दोन मिनिटं लागतात, पण हे राजधानीत बसलेल्यांना कोण सांगणार? त्यांच्या नकाशात नदी म्हणजे भिंत.

तर उत्तर काठावरच्या बाईला दिवस गेले की ती दोन कामं करते. लोहाच्या गोळ्या सुरू करते आणि मर्लकडे जाते. मर्लचं घर पूल उतरल्यावरचं दक्षिण काठावरचं पहिलंच. संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये तिच्या शेजारी उभी राहणाऱ्या एका बाईने पंचवीस वर्षांपूर्वी दक्षिणेची नर्स मिळावी म्हणून तिचा पत्ता मागितला, तिथून ही प्रथा पडली. मर्ल आधी "नाही" म्हणते. मग दरवाजा लावून घेते. मग खिडकीतून ओरडते, "लिही माझा पत्ता, पण नर्सच्या गाडीने माझे गुलाब तुडवले तर बघ!"

मी तिला कितीदा म्हटलं, "मर्ल, एक दिवस हे अंगाशी येईल."

"मग तू तुझा पत्ता दे."

माझं घर उत्तर काठावर आहे हे तिला चांगलं ठाऊक आहे.

टेगन मोब्ली आली ती ऑक्टोबरात. सव्वीस वर्षांची, बोटाला धरलेला तीन वर्षांचा जेट, नवरा डॅरन गव्हाच्या ट्रकवर, कापणी संपेपर्यंत घरी येणार नव्हता. जेटच्या वेळी आठव्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर असं चढलं होतं की रुग्णवाहिकेत दोनशे साठ किलोमीटर ती डोळ्यांपुढच्या काजव्यांकडे बघत पडून होती. या खेपेला डॉक्टरने स्पष्ट बजावलं होतं: दर आठवड्याला कोणीतरी प्रेशर मोजलंच पाहिजे, एकही आठवडा चुकवायचा नाही. पण टेगन सरळ पोरगी. खोटा पत्ता द्यायचा नाही, रीतसर करू म्हणाली.

त्या दिवशी मी मर्लच्या स्वयंपाकघरात चहाला थांबले होते. टेगनने फोनवर सरकारचं ते पान उघडलं, ज्यावर आपल्या जवळच्या सेवा शोधायच्या असतात: गरोदरपण, मुलं, कुटुंब. तिने तिचा पिनकोड टाकला. तीन नावं आली. पहिलं दोनशे साठ किलोमीटरवरचं. दुसरा अंगावर पाजणाऱ्या आयांचा गट, त्याचा नंबर लावला तर टायरवाल्याने उचलला. तिसरा नव्या बापांचा मेळावा.

"बापांचा?" मर्ल म्हणाली. "जन्म कोण देतंय?"

मग टेगनने तिच्या राज्याच्या मदत क्रमांकावर फोन केला. त्यांनी सांगितलं, तुम्हाला सगळ्यात जवळ दक्षिण काठच पडेल, तिकडे विचारा. दक्षिणेकडच्या बाईने विचारलं, राहता कुठे? उत्तरेला? मग तुमच्या राज्याला विचारा, त्यांनी पत्र दिलं तर बघू. पुन्हा पहिला नंबर. इतर ठिकाणी याला टोलवाटोलवी म्हणतात, आमच्याकडे याला खातं म्हणतात. मध्ये पाऊण तास बासरीची एकच धून वाजत होती. जेटने तेवढ्यात मर्लचं टेबलावर मांडलेलं आठशे तुकड्यांचं दीपगृहाचं चित्रकोडं जमिनीवर आणलं.

"बंद कर ती बासरी," मर्ल म्हणाली. "लिही. पंट रोड, दोन नंबर. आणि त्या पोराच्या तोंडातून माझं दीपगृह काढ."

तेव्हापासून दर मंगळवारी टेगन पूल ओलांडून यायची, मर्लच्या कोचावर बसायची, आणि लॉरेटा नर्स गाडी गुलाबांपासून लांब लावून तिचं प्रेशर मोजायची. लॉरेटाला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिने विचारलं नाही, एवढंच.

नोव्हेंबरात एका बुधवारी मी पेटीत पत्रं कोंबत होते, तेव्हा पांढरी सरकारी गाडी थांबली. उतरली ती इमोजेन, कुटुंब मदत खात्याची, बूट इतके नवे की चालताना वाजत होते. कुठल्याशा संगणकाला दिसलं होतं की एका घरात अकरा बालकं, एक गरोदर बाई, आणि कमावतं माणूस कोणी नाही. मदत मागून मागून लोकांच्या जिभा झिजल्या तरी जे खातं फिरकलं नाही, ते न बोलावता दारात हजर! मी कपाळाला हात लावला.

"मिसेस प्रॉसर?"

"मिस."

"मिस प्रॉसर, घाबरू नका. तुम्हाला कोणी दोष देत नाहीये. एकट्या माणसावर अकरा मुलं म्हणजे किती ताण असेल!" तिने आत डोकावून पाहिलं. झाकलेला पोपटाचा पिंजरा, पुसलेली फरशी, टेबलावर कोडं. "मुलं… झोपलीत का सगळी?"

"बाहेर खेळायला गेलीत," मी मध्येच म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"अकराच्या अकरा?"

"मोकळी हवा चांगली असते," मी म्हणाले.

मर्लने तेव्हा तोंड आवरलं असतं तर इमोजेन दोन कागद भरून गेली असती. ती खरंच भली मुलगी होती. ती म्हणाली, आम्ही दुमजली खाटा देऊ, आठवड्याचा किराणा देऊ, सफाईला माणूस देऊ. सफाईला माणूस हे ऐकून मर्लचे कान लाल झाले. मग इमोजेनने एक रंगीत पुस्तिका पुढे केली. "आणि हा वर्ग आहे, सहा आठवड्यांचा. मूल रडलं तर आपला राग कसा आवरायचा, हे शिकवतात."

बस. मर्लच्या जिभेला हाड नाही.

"राग?" ती ओरडली. "मूल कुठाय इथे? एक तरी दाखव! सगळी तिकडे आहेत, त्या पत्र्यांखाली, ते निळं छप्पर दिसतंय ना, ते टेगनचं, तिथे तिचे कपडे वाळतायत. इथून दगड मारला तर पोचेल. तुमची नर्स गाडी हाणत माझ्या दारापर्यंत येते आणि चारशे मीटर पुढे जाऊ शकत नाही! मला कसले वर्ग देता? तुमच्या साहेबाला भूगोलाचा वर्ग द्या!"

सगळं बोलून झालं तेव्हा इमोजेनचा चेहरा उतरला होता, आणि मर्लचाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"तुम्ही मला हे सांगायला नको होतं," इमोजेन हळू म्हणाली. "आता मला लिहावं लागेल. शुक्रवारी नावं निघतील."

"टेगनचं पण?" मी विचारलं. "तिचं प्रेशर…"

"जी इथे राहत नाही, तिचं निघणार."

मर्ल खुर्चीत बसली. बराच वेळ तिने पुस्तिकेची घडी घातली, उलगडली. मग म्हणाली, "राहणं म्हणजे काय? तुमच्या कागदात काय लिहिलंय?"

इमोजेनने चाळून पाहिलं. "आठवड्यातल्या किमान चार रात्री. स्वतःची खाट. रोजच्या वापरातलं सामान."

ती गेल्यावर मी मर्लला सोडलं नाही. इतकी वर्षं जपलं आणि एका मिनिटात बोलून घालवलंस म्हटलं. पोरीचं प्रेशर पुन्हा चढलं तर काय करशील?  

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुलावर होते. समोरून मर्ल येत होती, खुब्याचं दुखणं घेऊन, बागेतली हातगाडी ढकलत. रिकामी. मी थांबले तर म्हणाली, "बाजूला हो, माझ्याकडे शुक्रवारपर्यंतच वेळ आहे."

टेगन दारातच नाही म्हणाली. "मर्ल आंटी, तुला जेट दोन तास सहन होत नाही."

"मला कोणीच सहन होत नाही. टूथब्रश घे."

"मी शांतपणे इथेच राहीन, काही होणार नाही…"

"टेगन, माझ्या तोंडाने हे घडलंय. आता मला बरं वाटावं म्हणून तरी ये. खाट नोलीन आणेल."

नोलीन म्हणजे मी. टपालाच्या मोटरसायकलवर खाट आणायची नसते, असा नियम आहे. दोन फेऱ्या झाल्या.

शुक्रवारी दहा मुलांची नावं निघाली, टेगनचं आणि अकराव्या जेटचं राहिलं. त्या दहांच्या आया मर्लवर चिडल्या, आणि का चिडू नये? हॅन्ली बाई तर अजून तिला पुलावर पाहिलं की मान वळवते. मर्लने दोन्ही राज्यांना पत्रं लिहिली, पाकिटांवरची तिकिटं मीच चिकटवली. दोन्हीकडून एकच उत्तर आलं: हा प्रश्न दुसऱ्या राज्याच्या अखत्यारीत येतो.

आणि घरात? मर्ल रोज पेटीपाशी माझी वाट बघायची, पत्रांसाठी नाही, गाऱ्हाण्यांसाठी. जेटने पोपटाला शिवी शिकवली. जेटने संडासात मोजे टाकले. पोरगी टोस्ट जाळते. पोरगी कारण नसताना रडते. "ताप आहे नुसता. बाळंत होऊ दे, त्याच दिवशी पुलापलीकडे." मी म्हणाले, हौसेने आणलंस ना? तिने पेटीचं झाकण माझ्या बोटांवर आपटलं.

तिसऱ्या मंगळवारी लॉरेटाने प्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि पट्टा न काढताच फोन उचलला. टेगन सकाळपासून डोकं दुखतंय म्हणत होती, मर्लने तिला ऊन लागलंय म्हणून दटावलं होतं. दक्षिणेची रुग्णवाहिका सतरा मिनिटांत आली. मी दारात होते. स्ट्रेचर उचललं तेव्हा टेगनने मर्लचा हात धरला, आणि मर्लने, ज्या बाईने मला माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीलासुद्धा फक्त खांद्यावर थोपटलं होतं तिने, तो हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेना. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आम्हाला जाऊ द्या."

मुलगी झाली. पाच आठवडे आधी, दोन किलो तीनशे ग्रॅम. दोघी वाचल्या. लॉरेटा नंतर मला म्हणाली, पुढच्या मंगळवारपर्यंत थांबलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. टेगनने बाळाचं नाव मर्ल ठेवू का विचारलं. "पोरीचं वाटोळं करू नकोस," असं उत्तर मिळालं. आयव्ही ठेवलं.

बाळाची आठ आठवड्यांची तपासणी झाली त्या शनिवारी डॅरन ट्रक घेऊन आला. वाळलेले कपडे, पाळणा, जेटची सायकल, सगळं मागे चढलं. मी सुट्टीच्या दिवशी मदतीला, कारण मला नाही म्हणता येत नाही. मर्ल कमरेवर हात ठेवून सूचना देत होती. ती उशी माझी आहे. तो टॉवेल माझा आहे. एकदाचं घर मोकळं होतंय, आज मी दुपारी झोपणार. दोरी आवळून झाली, तेव्हा म्हणाली, "पुढची तपासणी कधी?"

"चार महिन्यांनी," टेगन म्हणाली.

"कुठे?"

टेगनने डॅरनकडे पाहिलं. "असते इथेच. पण आता आम्ही इथे राहत नाही म्हटल्यावर… बघू, तिकडे घेऊन जाऊ. दोनशे साठ काही फार नाही."

मर्लने ट्रककडे पाहिलं, मग बाळाकडे, मग पुन्हा ट्रककडे, जणू कोणी तिला फसवलं होतं.

"मग हे सगळं लादून कुठे निघालात?" ती कडाडली. "डोकी आहेत का खोकी? नोलीन, उभी काय राहिलीस, पाळण्याचं दुसरं टोक धर."

"आणि मी?" डॅरन म्हणाला.

"तुला कोण तपासायला येतंय? तू जा पलीकडे."

पाळण्याचं एक टोक तिने स्वतः उचललं, दुखऱ्या खुब्यासकट, आणि दारातून आत जाताना मला भिंत जपायला सांगत राहिली.