तिच्या वाटच्या लाटा

आमच्या ब्रिस्टलच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा. आरती सुरू झाली की डॉक्टर पद्माकर केळुसकर न चुकता बाहेर कार पार्कात जाऊन सिगारेट पेटवायचा. प्रसादाला मात्र पहिला हजर. "देवाबद्दल शंका आहे, मोदकाबद्दल नाही," असं वर म्हणायचा. अशा माणसानं पुढे दर ऑगस्टात काळी कोंबडी बगलेत मारून एका चर्चला प्रदक्षिणा घातल्या, हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. मला हसू येत नाही.

पद्माकर मूळचा वेंगुर्ल्याचा. मी विमानाच्या कारखान्यात इंजिनीअर, तो हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर, आणि आमची घरं एकाच गल्लीत. म्हणून दोस्ती. हुशार होता, पण तोंडाचा फटकळ. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं कन्सल्टंट होऊन गेली आणि ह्याला स्टाफ ग्रेड नावाच्या एका कोपऱ्यात बसवून ठेवलं. ते त्यानं गिळलं. बायको सुप्रभा लायब्ररीत नोकरी करायची. मुलगी एकच, रश्मी. सारं आयुष्य त्या एका पोरीभोवती.

रश्मी सात वर्षांची असताना, त्र्याऐंशी साली, सकाळी सीरियल खाता खाता तिला पहिली आकडी आली. आरडाओरडा ऐकून मी धावत गेलो, तर पद्माकरनं तिला कुशीवर वळवून घड्याळ हातात धरलं होतं. अगदी वॉर्डात असावा तसा शांत. ती शुद्धीवर आल्यावर तिच्या फ्रॉकचं बटण लावायला गेला, तेव्हा ते एवढंसं बटण त्याला लावता येईना. शेवटी मी लावलं.

मग तपासण्या, स्कॅन, गोळ्या, गोळ्या बदलणं. महिना बरा जायचा, वाटायचं सुटलो, आणि मग ती शाळेच्या जिन्यावरून पडल्याचा फोन यायचा. सुप्रभावहिनींनी गणपतीला नवस केला, शनिवार धरले. पद्माकर म्हणायचा, "उपास करून बायकोची साखर कमी होते, मुलीची फिट नाही." फार लागेल असं बोलायचा.

त्याच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये देओलिंदा नावाची एक बाई होती. पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावरची. आवाज मोठा, आणि डॉक्टर असो की पोर्टर, सगळ्यांवर सारखीच दादागिरी. तिनंच त्याला सांगितलं, की आमच्या गावात चोवीस ऑगस्टला संत बार्तोलोमेऊची जत्रा असते. ज्या पोरांना आकडी येते, जी दचकतात, बोलताना अडखळतात, त्यांना तिथे आणतात. काळी कोंबडी घेऊन देवळाला तीन फेऱ्या घालायच्या, संताच्या पालखीखालून जायचं, आणि मग समुद्रात लाटा घ्यायच्या. तीन, पाच किंवा सात. विषमच हव्यात. पोराच्या अंगातली भीती लाट घेऊन जाते.

पद्माकरनं ही गोष्ट आमच्याकडे जेवताना सांगितली आणि ठसका लागेपर्यंत हसला. पुढच्या उन्हाळ्यात रश्मीला एका दिवसात तीन आकड्या आल्या. त्या रात्री त्यानं तिकिटं काढली.

"माझ्या गणपतीला नाही म्हणालात," वहिनी म्हणाल्या, "आणि हा कोण तुमचा बार्तोलोमेऊ?"

"बीच हॉलिडे आहे," तो म्हणाला. "पोरीला हवापालट."

ते वर्ष पंच्याऐंशी. तिथून आल्यावर रश्मीची आकडी थांबली. नाताळ गेला, ईस्टर गेला, काही नाही. मी त्याला स्पष्ट विचारलं, "पद्माकर, जुलैत तू नवीन गोळी सुरू केली होतीस ना?"

"केली होती."

"मग गोळीनं थांबलं."

"असेलही."

"असेलही काय? तू डॉक्टर आहेस!"

तेव्हा तो जे बोलला ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणाला, "नंदू, हे ठरवायला एक वर्ष समुद्राला न जाता बघायला पाहिजे. कुणावर बघू? मुलगी एकच आहे रे."

झालं. गोळी चालू राहिली आणि समुद्रही चालू राहिला. दोन्हीपैकी एकही सोडायची त्याची छाती नव्हती.

अठ्ठ्याऐंशीला मी आणि माझी बायको आशा, आम्हीही बरोबर गेलो. गाव छोटं, देओलिंदाच्या भावाचं घर आणखी छोटं. सकाळी धुकं, दुपारी उत्तरेचा असा वारा की वाळू दातांत यायची. लोक पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी तंबूत वाऱ्याकडे पाठ करून बसलेले. पाणी बर्फासारखं. हा कसला उन्हाळा, असं आशा रोज म्हणायची. पण पद्माकर तिथे वेगळाच माणूस होता. लुंगीसारखा टॉवेल गुंडाळून पहाटे किनाऱ्यावर जायचा. म्हातारे पांढऱ्या लोकरीचे झगे कमरेला पट्ट्यानं आवळून पाण्यात शिरायचे आणि मोठ्या दाताळ्यांनी समुद्रातलं शेवाळ ओढून काढायचे. बायका ते वाळूत पसरून सुकवायच्या. कांद्याबटाट्याच्या शेताला खत म्हणून तेच घालायचे. पद्माकर त्यांच्याबरोबर ढोपरभर पाण्यात उभा राहून ओढू लागायचा. संध्याकाळी दारोदार अंगणात सार्डिन भाजत, मक्याची जाड भाकरी तोडून त्यावर मासा ठेवून खायचे. "आमच्या वेंगुर्ल्यात तारले असेच," म्हणून तो काट्यासकट चघळायचा. फ्रान्सला, जर्मनीला नोकरीला गेलेली गावची माणसं ऑगस्टात मोठ्या गाड्या घेऊन परत यायची. त्यांची अकरा महिने बंद असलेली घरं उघडायची, खिडक्या पुसल्या जायच्या. पद्माकर म्हणाला, "ह्यांना निदान महिनाभर तरी घर आहे." तेवढं बोलून उठून गेला.

चोवीस तारखेला मात्र माझा जीव वरखाली झाला. ढोल, माणसांची ही गर्दी, पोरांच्या कडेवर कोंबड्या, कोंबड्यांचा आणि पोरांचा एकच कलकलाट. बारा वर्षांची रश्मी काळी कोंबडी घट्ट धरून बापाबरोबर फेऱ्या घालत होती. मग समुद्र. झगा घातलेला एक दांडगा माणूस पोराला उताणं धरायचा आणि लाट आली की डोक्यावरून जाऊ द्यायचा. पोरं किंचाळायची. रश्मी किंचाळली नाही. ती सगळा वेळ काठावरच्या बापाकडे बघत होती, आणि पद्माकर मोठ्यानं मोजत होता. मराठीत. सात झाल्या तेव्हा तो टॉवेल घेऊन कपड्यांसकट पाण्यात धावला.

त्या रात्री मी त्याला म्हटलं, "तू मुलीला बरी करत नाहीयेस, स्वतःला करतोयस." त्याला राग आला नाही. "दोघं बरे झालो तर काय बिघडलं?" म्हणाला.

पण पोर मोठी होते. आजूबाजूला चार-पाच वर्षांची मुलं, आणि त्यांच्यात ही सतरा-अठराची, बापाएवढी उंच, कोंबडी घेऊन उभी. लीड्सच्या युनिव्हर्सिटीत गेली आणि पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात तिनं आमच्या किचनमध्ये, आमच्या सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"बाबा, मी नाही येणार. ते कोंबडी घेऊन गोल गोल फिरायचं, एव्हरीबडी स्टेअर्स. आय ॲम नाइन्टीन. मी टॅब्लेट्स घेते ना? दॅट्स इनफ."

तिचं चुकलं का? अजिबात नाही. मी तर मनात टाळी दिली. पद्माकर चहा ढवळत बसला. त्या वर्षी कुणीच गेलं नाही.

नोव्हेंबरात लीड्सला तिला आकडी आली. दहा वर्षांनी पहिली. परीक्षा, जागरणं, कदाचित एखादी गोळी चुकली असेल. तिथल्या डॉक्टरनं तेच सांगितलं, आणि पद्माकरलाही ते ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. आमच्याकडे आला, कोट न काढता सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "एक वर्ष चुकलं, नंदू. एकच वर्ष."

शहाण्णवच्या ऑगस्टात रश्मीनं लीड्सलाच एका दुकानात सुट्टीतलं काम घेतलं. पद्माकर एकटा निघाला. देओलिंदा तोवर रिटायर होऊन गावी परतली होती. तिला त्यानं फोन करून सांगितलं, की मुलीच्या वतीनं लाटा मी घेतो. तिनं साफ नाही म्हणून सांगितलं. ज्याच्या अंगात भीती, त्यानंच पाण्यात जायचं. दुसऱ्याच्या अंगानं होत नाही.

"तिला काय कळतंय?" पद्माकर मला म्हणाला. "आपल्यात आई पोरासाठी उपास करते, बाप पोराचा नवस फेडतो. कोण देव नाही म्हणतो? ते घरातलं घरात चालतं."

आयुष्यभर ज्यानं नवसाची टिंगल केली, त्यानं शेवटी आपल्या नवसाचा नियम त्यांच्या समुद्राला लावला. माझा त्याच्यावर राग आहे तो ह्याचा. नास्तिकपणाही अर्धवट आणि श्रद्धाही अर्धवट. एखादी धड असती तर निदान टेकायला भिंत मिळाली असती.

चोवीस तारीख शनिवारी होती. सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सगळ्यांनाच सुट्टी. लीड्सच्या भाड्याच्या घरात रश्मीबरोबर राहणाऱ्या बाकीच्या मुली वीकेंडला आपापल्या गावी गेल्या होत्या. त्यांतली एक सोमवारी सकाळी परत आली, तिनं रश्मीच्या खोलीचं दार उघडलं. झोपेतच आकडी आली होती. बहुतेक शनिवारी रात्री, असं तिथले डॉक्टर म्हणाले. उशीत तोंड होतं.

पोलीस वहिनींच्या दारात आले तेव्हा आशा तिथे होती म्हणून बरं. देओलिंदाकडे फोन केला, तर पद्माकर पहाटेच विमानतळाकडे निघाला होता. शेजारच्या यशोधननं वहिनींना आणि आशाला लीड्सला नेलं. पद्माकरला हीथ्रोवर घ्यायला मी जायचं ठरलेलंच होतं. तसाच गेलो.

तो बाहेर आला तो हसत. चेहरा उन्हानं रापलेला, कानामागे मिठाची पांढरी रेघ. हातात कापडात गुंडाळलेली मक्याची भाकरी, रश्मीला आवडायची म्हणून. त्या गर्दीत, ट्रॉल्यांच्या खडखडाटात मला सांगता येईना. गाडीत सांगू म्हटलं. गाडीत बसल्यावर त्यानं मला बोलूच दिलं नाही.

"अरे, काय सांगू! सगळी पोरंटोरं आणि त्यांच्यात हा पन्नाशीचा थेरडा. तो झगेवाला मला उचलायलाच तयार नाही. म्हटलं, बाबा, मी आपला उभा राहतो, तू फक्त मान धर. सात घेतल्या. रश्मीच्या वाटच्या सात. मग विचार केला, गेल्या वर्षीच्या सात राहिल्यात, त्याही घेऊन टाकू. चौदा झाल्या. बाहेर आलो आणि लक्षात आलं, चौदा म्हणजे सम! परत गेलो आणि आणखी एक घेतली. पंधरावी. देओलिंदा काठावरून शिव्या देत होती." तो स्वतःशीच हसला. "आता दोन वर्षांची बेगमी झाली. पोरीला सांगणार नाही, चिडेल. तू पण बोलू नकोस हं."

मी ब्रिस्टलकडे जाणारा एम फोर हायवे सोडून एम ट्वेंटीफाइव्हला लागलो होतो. तो बोलत होता म्हणून त्याच्या ध्यानात आलं नाही. एम वनचा निळा बोर्ड आला, त्यावर 'द नॉर्थ' लिहिलेलं. तो वाचून तो थांबला.

"नंदू, आपला रस्ता चुकला."

"नाही चुकला," मी म्हटलं. "आपण लीड्सला चाललोय."

लीड्सला कशाला, असं त्यानं विचारलं नाही. त्यानं मांडीवरची भाकरी दोन्ही हातांनी धरली. मग एवढंच म्हणाला, "कधी?"

मी सांगितलं. शनिवार रात्र, झोपेत. सगळं सांगितलं, रस्त्यावरची नजर न हलवता.

मला वाटलं होतं तो ओरडेल, गाडी थांबव म्हणेल. मनातून मीच ओरडत होतो, की अरे वेड्या, समुद्राचा काही संबंध नव्हता, आधीही नव्हता आणि आत्ताही नाही, तुझी पोर एका रोगानं गेली आणि तू डॉक्टर आहेस! तो खिडकीबाहेर बघत राहिला. लेस्टर मागे पडलं. पाऊस सुरू झाला, मी वायपर लावले. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं रडतोय, पण तो मोजत होता.

"नंदू," तो म्हणाला, "सातच घ्यायला हव्या होत्या का रे?"

"नाही रे," मी म्हटलं. "बरोबर घेतल्यास."