एका माणसाचा पांढरा गट

इराकचं युद्ध सुरू होऊन दीडेक वर्ष झालं होतं. मी तेव्हा व्हर्जिनियात, हर्नडनला राहायचे आणि एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. आमची कंपनी परिषदांच्या नावनोंदणीचं सॉफ्टवेअर करायची. कोण आलं, कुठे बसणार, कुठल्या बसने जाणार, व्हेज की नॉनव्हेज. नागपूरहून इंजिनियर होऊन गेलेल्या मुलीने हे करावं, याचं माझ्या बाबांना फोनवर फार वाईट वाटायचं. "म्हणजे लग्नाच्या पंगतीचंच काम की," ते म्हणायचे. मी चिडायचे, कारण ते खरं होतं.

त्या सप्टेंबरात आम्हाला मोठं काम मिळालं. पाश्चात्त्य देशांची जी मोठी लष्करी युती आहे, तिची आणि तिच्याशी संबंध ठेवून असलेल्या देशांची तीन दिवसांची बैठक विमानतळाजवळच्या एका हॉटेलात होती. एका काल्पनिक देशात भूकंप झाला तर कोणी काय करायचं, याची कागदावरची तालीम होती. पाहुण्यांचे दोन गट पाडायचे होते, निळा आणि हिरवा. आमचा मॅनेजर सैन्यातून निवृत्त झालेला, कडक शिस्तीचा. तो म्हणाला, "गटाशिवाय कोणी आत जाता कामा नये." म्हणून मी प्रोग्रॅममध्ये तशी सक्तीच करून टाकली. गट निवडला नाही, तर बिल्लाच छापला जायचा नाही.

पहिल्या दिवशी सकाळी एक गृहस्थ टेबलापाशी आले. साठीचे, जाड भुवयांचे, अंगात नीट इस्त्रीचा करडा सूट. तुर्कमेनिस्तानचे प्रतिनिधी. मी निळा बिल्ला छापून दिला. तो त्यांनी वाचला आणि हळूच परत माझ्यापुढे ठेवला.

"नाव चुकलंय का, सर?"

"नाव बरोबर आहे. रंग चुकलाय."

मी हिरवा छापला. तोही परत आला.

"आमचा देश कायमचा तटस्थ आहे," ते शांतपणे म्हणाले. "आम्ही बैठकांना येतो, शिकतो, मदत करतो. पण कुठल्याच गटात जात नाही."

"सर, हे फक्त भूकंपापुरते गट आहेत."

"भूकंपातसुद्धा."

त्यांच्या मागे सात-आठ कर्नल रांगेत घड्याळं बघत उभे होते. मी गटाचा रकाना रिकामा ठेवून पाहिला, तर स्क्रीनच गोठला. मग मी ऑफिसात टेस्टिंग करणाऱ्या माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला फोन लावला.

"अगं, गट रिकामा ठेवला तर क्रॅश होतंय."

"हो. मी तुला तीनदा सांगितलं होतं. तू म्हणालीस, असा माणूस येणारच नाही."

"आलाय यार. समोर उभा आहे."

"मग समजाव ना त्याला."

"तो डिप्लोमॅट आहे. समजावणं हे त्याचं काम आहे, माझं नाही."

"बरं, मग तिसरा गट अ‍ॅड कर आणि मला सोड, माझा चहा गार होतोय."

मी पांढरा गट अ‍ॅड केला. पांढरा बिल्ला छापून आला. त्यांनी तो कोटाला लावला, काचेत पाहिलं आणि मान हलवली. मला अगदी सुटल्यासारखं वाटलं.

मी एक गोष्ट विसरले होते. हॉटेलवाले आमच्याच यादीवरून तयारी करत होते, आणि गट म्हटला की चाळीस माणसं, असं मीच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं. तासाभरात पांढऱ्या गटासाठी वेगळा हॉल उघडला. चाळीस खुर्च्या लागल्या. चहा-कॉफीचे दोन मोठे थर्मास आले. मी मॅनेजरकडे धावले.

"तो एकच माणूस आहे," मी म्हटलं.

"सिस्टिममध्ये गट आहे ना? मग गटाला लेखनिक लागतो. जा, बस."

मी वही घेऊन गेले. ते गृहस्थ पहिल्या रांगेत मधोमध बसले होते.

"सुरू करू या?" त्यांनी विचारलं.

"करू या, सर."

मला वाटलं, आता हसतील. पण ते हसले नाहीत. ते म्हणाले, "मी लहान असताना आमच्या राजधानीत, अश्गाबादला, मोठा भूकंप झाला. पुढे आयुष्यभर माझी आई दाराजवळच अंथरूण घालायची. लिहा. आधी पाणी. मग चहा. मग बाकीचं." मी लिहिलं. मग मीच त्यांना चहा करून दिला.

दुपारी चाळीस जणांचं जेवण आलं. शेवटी कापलेलं खरबूज होतं. त्यांनी एक फोड तोंडात घातली आणि काटा खाली ठेवला.

"हे काय आहे?"

"खरबूज, सर."

"नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे खरबुजाचा सण असतो. या विषयात आम्ही तटस्थ नाही."

संध्याकाळी पाच वाजता मी त्यांना माझ्या गाडीतून हर्नडनच्या इंडियन ग्रोसरीत घेऊन गेले. ते एकेक खरबूज उचलून कानाशी धरायचे, टिचकी मारायचे आणि खाली ठेवायचे. पंधरा झाली. तेवढ्यात आमच्या मंडळातल्या एक काकू कोथिंबिरीची जुडी घेऊन आल्या.

"हे कोण गं? सासरे आले का?"

"नाही काकू, तुर्कमेनिस्तानचे आहेत."

"असं होय? त्यांना सांग, वाजवून काही कळत नाही. देठाशी वास घ्यायचा."

मी भाषांतर केलं. ते म्हणाले, वास फसवतो. काकू म्हणाल्या, कान फसवतात. मग दोघांनी एक खरबूज मध्ये ठेवलं. यांनी ऐकलं, काकूंनी हुंगलं, आणि दोघांनी एकदमच मान डोलावली. काकूंनी वर त्यांना कोथिंबिरीची अर्धी जुडी दिली. का, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीपर्यंत निळा आणि हिरवा गट हातघाईवर आले होते. काल्पनिक देशात एक काल्पनिक पूल होता, आणि त्यावरून आधी कोणाचे ट्रक जाणार यावर सकाळपासून वाद चालला होता. निळ्यांचा एक कर्नल कॉफी शोधत आमच्या हॉलमध्ये आला. आमच्या गृहस्थांनी खिशातला चाकू काढून कालचं खरबूज कापलं आणि एक फोड पुढे केली. कर्नल बसला. थोड्या वेळाने हिरव्यांची एक बाई आली. तिलाही फोड मिळाली. दोघं खाता खाता पुलावर बोलायला लागले. निळ्यांनी सकाळी जावं, हिरव्यांनी दुपारी, असं वीस मिनिटांत ठरलं. या सगळ्यात आमचे गृहस्थ एवढंच म्हणाले, "बिया इथे टाका."

तिसऱ्या दिवशी प्रत्येक गटाने अहवाल वाचायचा होता. निळ्यांनी अर्धा तास घेतला, हिरव्यांनी त्याहून जास्त. मग हे उठले. माझ्या वहीतलं पान त्यांच्या हातात होतं.

"पांढऱ्या गटात एक सदस्य होता," ते म्हणाले. "मतभेद झाले नाहीत. आधी पाणी, मग चहा. पुलाबद्दल आमच्या गटाचं काहीही मत नाही." ते खाली बसले. क्षणभर कोणाला कळेना, हसावं की टाळ्या वाजवाव्यात. शेवटी सगळ्यांनी दोन्ही केलं. आमचा मॅनेजर तर उभा राहिला. मला उगाचच भरून आलं. चहाबद्दलची ओळ माझ्या अक्षरात होती ना.

दुपारी विमानतळावर जायला प्रत्येक गटाला एक मोठी बस होती. पांढऱ्या गटालाही. ड्रायव्हर म्हणाला, मोजणी झाल्याशिवाय निघता येणार नाही. मी बसमध्ये चढून मोजलं. एक. ड्रायव्हरने पुन्हा मोजायला सांगितलं. मी पुन्हा मोजलं. हे गृहस्थ पुढच्या सीटवर हात गुडघ्यांवर ठेवून गंभीरपणे बसले होते, कोणी मोजताना हलू नये म्हणून.

"पुन्हा भेटू," ते म्हणाले. "तुमच्या त्या काकूंना माझा नमस्कार सांगा. पण त्यांचं म्हणणं चूक आहे."

बस गेली. मी वळणापर्यंत हात हलवत राहिले. मग हॉटेलच्या एसीत परत शिरल्यावर थंडी वाजली, आणि लक्षात आलं की मोजता मोजता मी माझा स्वेटर त्याच बसमधल्या रिकाम्या सीटवर ठेवून उतरले होते.