आमच्या गेटवरचा ‘दारुडा’

विलासदादा दारू पिऊन मेला नाही.

जन्मात कधी थेंब घेतला नव्हता त्याने. त्याची शुगर लो झाली होती.

एवढी साधी शंका आमच्या सोसायटीत एकाला तरी यायला हवी होती. कर्वेनगरातली सुशिक्षित सोसायटी आहे. तीन डॉक्टर राहतात.

आज त्याचा तेरावा, म्हणून लिहितोय. लांब पोस्टचा कंटाळा असेल त्यांनी इथूनच परत फिरावं.

दादाचं बिबवेवाडीत झेरॉक्सचं दुकान. वयाच्या नवव्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस.
गोड खाऊन होतो तो नव्हे. हे सांगून सांगून आम्हा दोघांच्या जिभा झिजल्या.

त्याच्या कमरेला इन्सुलिनचा पंप. माझ्याही आहे. काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र, त्यातून निघालेली बारीक नळी पोटाला चिकटवलेली, चोवीस तास थेंब थेंब इन्सुलिन. दर तीन दिवसांनी नवी सुई, नवी नळी, नवी जागा.

आमची ओळख सदाशिव पेठेतल्या क्लिनिकमध्ये झाली. पंप लावून मला आठवडा झाला होता आणि नळी खुर्चीच्या हातात अडकून निघाली. मी रडकुंडीला आलेलो.
समोरून आवाज आला, "पहिल्या महिन्यात सगळ्यांची निघते. रडून परत चिकटत नाही."

मग स्वतःच उठला आणि बसवून दिली. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर टिचकी कशी मारायची, ते त्यानेच शिकवलं. आंघोळीला पंप काढला की परत लावायला विसरू नये म्हणून साबणाशेजारी ठेवायचा, हेही त्याचंच.

लोक विचारायचे, "काय हो हे, पेजर?"
दादा म्हणायचा, "हो. यमाचा. वाजला की निघायचं."

तर त्या दिवशी.

माझा सेट, म्हणजे सुई आणि नळी, निघाला. नवा लावताना दोनदा सुई वाकली. शेवटचा एक उरला होता. साधं इंजेक्शन टोचून दिवस निभावला असता, पण दादा असताना आपण कशाला हात थरथरवायचा? लाडावलो होतो मी.

फोन केला. तो जेवायला बसत होता.
"बटण दाबलंय रे. दोन घास खातो आणि निघतो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जेवणाआधी पंपाचं बटण दाबून त्या जेवणापुरतं इन्सुलिन घ्यायचं असतं. ते एकदा आत गेलं की जेवावंच लागतं. नाही जेवलं तर शुगर धाडकन खाली येते.

हे मला माहीत होतं.

मी म्हणालो, "इथेच जेव ना. माझी दोनला मीटिंग आहे."

वाढलेल्या पानावरून उठला तो.

बिबवेवाडी ते कर्वेनगर, भर दुपारचं ट्रॅफिक. तुम्ही पुण्यात राहता, जास्त सांगत नाही. स्कूटर नीट स्टँडवर लावून तो आमच्या गेटपाशी पोचला आणि तिथेच खाली बसला. घामाघूम. वॉचमनने कुठला फ्लॅट विचारलं, तर जीभ वळेना.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला.

"भरदुपारी पिऊन बसलेत लोक. सिक्युरिटी झोपलीये का?"
"खिशात क्वार्टर शोधतोय बहुतेक." त्यावर चार हसरे चेहरे.
"फोन वाजतोय त्याचा, तोसुद्धा उचलता येत नाहीये."

त्या खिशात लिमलेटच्या गोळ्या होत्या. शुगर लो झाली की चघळायच्या. त्याच शोधत होता तो.
आणि तो फोन मी करत होतो. उशीर का करतोय म्हणून चिडून.

मग एकाने ग्रुपवर लिहिलं, "फोटो काय काढताय? हाकलून द्या त्याला."

तो एक मी.

फोटो उघडलाही नव्हता. सकाळपासून ग्रुपवर पार्किंगची भांडणं चालू होती, डोकं उठलं होतं. चार शब्द खरडले आणि पुन्हा दादाला फोन लावला.

वॉचमनने ऐकलं. दादाला धरून रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. त्याला बोल लावू नका. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं.

मी दहा मिनिटांनी खाली उतरलो तेव्हा पलीकडे गर्दी होती. दादा तोल जाऊन पडला होता, डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं होतं. एका रिक्षावाल्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं.
"यांच्या कमरेला काय वाजतंय ओ हे?" त्याने विचारलं.

अख्ख्या दुपारीत हे विचारणारा तो एकटा.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये दादा गेला.

ग्रुपवर चेअरमनचा मेसेज: "अत्यंत दुर्दैवी घटना. यापुढे सभासदांनी आपल्या पाहुण्यांची नोंद ॲपवर आधी करावी." चाळीस हात जोडलेले.
फोटो टाकणाऱ्याने फोटो डिलीट केला. मीही माझा मेसेज डिलीट केला.

आज तेराव्याला वहिनींनी मला बाजूला बोलावलं.
"भाऊजी, तिथे ह्यांना ओळखणारं कुणीच नव्हतं का हो?"
मी म्हणालो, "नाही वहिनी. कुणीच नव्हतं."
"तुम्ही असतात तर बघताक्षणी ओळखलं असतंत."
आणि मग म्हणाल्या, "पंगत बसतेय. आधी जेवून घ्या, तुमची शुगर लो होईल."

मी जेवलो. बासुंदी-पुरी होती. बटण दाबून, पोटभर जेवलो आणि घरी आलो.

वहिनी इथे नाहीत, म्हणून इथे लिहिण्याची हिंमत झाली. ज्यांच्याकडे त्यांचा नंबर आहे त्यांनी कृपा करून हे पाठवू नका. ते माझ्या तोंडून ऐकायचा त्यांचा हक्क आहे.

दादा, श्रद्धांजली बाकीचे वाहतील. मी तुझ्या घरी जाऊन येतो.