पोंक्षे चटई घेऊन खेळायला जातात

श्रीनिवास पोंक्षे गोल्फकडे वळला तो एसीमुळे.

साल दोन हजार तीन. बाणेर रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो टीम लीडर होता आणि राहायला सदाशिव पेठेत, इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवाळीनंतरच्या एका मीटिंगमध्ये त्याचे साहेब दत्तप्रसाद, ज्यांना ऑफिसात सगळे डीपी म्हणत, यांनी जाहीर केलं की अमेरिकेतल्या क्लायंटचे वॉल्टर नावाचे मोठे अधिकारी जानेवारीत येताहेत, त्यांना गोल्फचं वेड आहे आणि आपल्यापैकी कोणीतरी त्यांच्याबरोबर खेळायला हवं. कोणाला येतं?

नेमका तेव्हाच श्रीनिवासने हात वर केला. एसी थेट त्याच्या टाळूवर येत होता आणि तो जरा कमी करा, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण टाळ्या वाजल्या. पोंक्षे छुपे रुस्तम निघाले, असं म्हणत डीपींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ऑफिसात आजवर श्रीनिवाससाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, त्यामुळे तो तसाच बसून राहिला. गारठत.

बायकोला, श्रद्धाला, त्याने हे सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. गोल्फमध्ये धावावं लागतं का, असं तिने विचारलं. नाही म्हटल्यावर "मग जमेल" म्हणाली आणि पुढची पोळी घेतली.

लष्कर भागातल्या एका दुकानातून त्याने गोल्फची एक जुनी लोखंडी स्टिक, काही चेंडू आणि नकली गवताची एक चटई आणली. खाली रबर, वर हिरवंगार प्लॅस्टिक. गच्चीवर दोरी बांधून तिच्यावर त्याने दोन जाड गोधड्या टाकल्या आणि रोज सकाळी चटईवर चेंडू ठेवून गोधडीवर मारायला सुरुवात केली. त्याची आई यमुनाबाई कोवळ्या उन्हात शेंगा सोलत बसलेल्या असत. चेंडू गोधडीवर आपटला की त्या मान वर न करता "छान" म्हणत.

आणि खरोखरच छान चाललं होतं. प्रत्येक फटक्याला खणखणीत टक् असा आवाज यायचा, चेंडू सुटायचा, गोधडीवर धप्प आदळायचा. एकही फटका वाया जाईना. पंधरवड्यात श्रीनिवासची खात्री झाली की आपल्याला हे उपजतच येतं. कॅन्टीनमध्ये तो हातात डाव धरून लोकांना मनगट कसं ठेवायचं ते दाखवू लागला.

त्याच्या शेजारच्या टेबलावर मोमीनपुऱ्यातला नियाज बसायचा. त्याने बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एकदा चहा पिताना म्हणाला, "गोधडी नसती तर चेंडू कुठे गेला असता, हे तुला कसं कळतं?"

"आवाजावरून," श्रीनिवास म्हणाला.

नियाजने खऱ्या गवतावर मारून बघ असं सुचवलं. सदाशिव पेठेत गवत कुठून आणू, असं श्रीनिवासने विचारलं, आणि प्रश्न रास्तच होता. पण नियाजच्या चुलत्यांनी त्यांच्या मंगल कार्यालयासाठी मांजरीहून लॉन आणलं होतं. तिथे बायडाबाई नावाच्या बाई उसाच्या कडेला लॉनचे वाफे करत आणि आसपास उठणाऱ्या नव्या सोसायट्यांना विकत. नियाजने फोन केला आणि रविवारी दोघं स्कूटरवरून मांजरीला गेले. मागे बसलेल्या श्रीनिवासने स्टिक बंदुकीसारखी खांद्याला लावली होती.

बायडाबाईंनी स्टिक निरखून पाहिली, चेंडू पाहिला आणि एवढ्यासाठी एवढं लांब आलाव व्हय, असं विचारून एक वाफा दाखवला.

श्रीनिवास ऐटीत उभा राहिला. मनगट ठेवलं. फटका मारला. चेंडू जागेवरच राहिला आणि भाकरीएवढा लॉनचा तुकडा मातीसकट उडून पुढे जाऊन पडला. दुसऱ्या फटक्याला चेंडू वीतभर सरकला, तुकडा मात्र आणखी लांब गेला. तिसरा तुकडा नियाजच्या शर्टावर बसला.

नियाजने शर्ट झटकला आणि वाकून खड्डे पाहिले. सगळे चेंडूच्या मागे होते. श्रीनिवास चेंडूला मारतच नव्हता, चेंडूच्या मागच्या जमिनीला मारत होता. चटईवर स्टिक प्लॅस्टिकवरून घसरत पुढे जाऊन चेंडूला लागायची, त्यामुळे कळायचंच नाही. इथे माती तिला धरून ठेवत होती.

"म्हणजे इतके दिवस मी चुकीचं मारत होतो?" श्रीनिवासने विचारलं.

"पण आवाज चांगला येत असणार," नियाज म्हणाला.

तेवढ्यात बायडाबाई आल्या. श्रीनिवास खड्ड्यांसमोर उभा राहून ते झाकायचा प्रयत्न करत होता, पण खड्डे त्याच्यापेक्षा रुंद होते. तो माफी मागू लागला. बायडाबाईंनी सगळे तुकडे शांतपणे पाटीत गोळा केले. "ऱ्हाऊ द्या. त्या कोपऱ्यात नवीन लावायचं हाय, तुकडं लागत्यातच. फुडल्या रविवारी पल्याडच्या वाफ्यावर मारा, तिथं लई दाट झालंय."

श्रीनिवास पुढच्या रविवारी गेला, त्याच्या पुढच्याही गेला. कोपरा हिरवा झाला, खेळ होता तिथेच राहिला. आणि वॉल्टर पुण्यात उतरले.

डीपींना खरं सांगायची सोय नव्हती. श्रीनिवासने रात्रभर विचार करून एक साधा मार्ग काढला. सामन्याच्या दिवशी सकाळी तो चटईची वळकटी काखेत मारून मैदानावर हजर झाला. पांढरीशुभ्र पँट घालून आलेले डीपी त्याला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "पोंक्षे, हे काय आहे?"

"चटई," श्रीनिवास म्हणाला.

त्याने ती दवाने भिजलेल्या गवतावर अंथरली, वर चेंडू ठेवला आणि मारला. टक्. आवाज उत्तम आला. चेंडू उजवीकडे झुडपात गेला. दुसराही उजवीकडेच गेला. गोधडीने इतके दिवस काय काय लपवलं होतं, ते आता त्याला समजलं.

उंचापुरे वॉल्टर सभ्य गृहस्थ होते. पण शेवटी त्यांनी चटईबद्दल विचारलंच. श्रीनिवासने इंग्रजीत जसं जमलं तसं खरं सांगितलं, की गवतावरून मारलं तर चेंडूपेक्षा गवत लांब जातं. वॉल्टर हसले आणि म्हणाले, मग चटईच बरी.

पुढचा चेंडू तळ्याच्या उतारावर थांबला होता. श्रीनिवासने तिथे चटई टाकली, तिच्यावर उभा राहिला आणि स्टिक मागे नेली. दवावर रबर सुटलं. फटका मारायच्या मुद्रेतच, पाय जुळवलेले, स्टिक वर, असा तो सावकाश उतारावरून निघाला, मग जोरात निघाला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन थांबला. पडला मात्र नाही.

वॉल्टर वर गवतातच बसून हसत होते. हसू आवरल्यावर त्यांनी चटई वर मागवली आणि तिच्यावर बसून स्वतःच घसरत खाली आले. वर एकटे डीपी उरले. चटई पुन्हा वर आली होती आणि क्लायंट त्यांना हाताने बोलावत होता. डीपींनी एकदा पांढऱ्या पँटकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ते चटईवर बसले.

असं बराच वेळ चाललं. शेवटी क्लबचे एक गृहस्थ आले आणि त्यांनी अतिशय नम्रपणे सगळ्यांना नाश्त्याला चलायला सांगितलं.

कंपनीला काम मिळालं. ते आधीच ठरलेलं होतं, असं नंतर कळलं.

श्रीनिवासला आता गोल्फ खेळायचं काही कारण नव्हतं, तरी रविवारी तो मांजरीला जात राहिला. का, असं नियाजने विचारलं तर त्याला धड सांगता येईना. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा त्याने नेहमीसारखा फटका मारला आणि हाताला काही जाणवलंच नाही. माती उडाली नाही. चेंडू उंच गेला, हवेत जरा रेंगाळला आणि पलीकडच्या उसात पडला. तो चेंडू हवाच म्हणून श्रीनिवास उसात शिरला, पार तोंड ओरबाडून घेतलं, पण चेंडू सापडला नाही.

घरी जेवताना त्याने श्रद्धाला सगळं सांगितलं, उजवा हात हवेत फिरवून, आमटी सांडत. तिने त्याच्या केसांत अडकलेली उसाची पात काढली आणि भात वाढला.