अण्णांचं नाक

मंद्रूपहून नणंदेचा फोन आला तेव्हा मी मंडईत मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होते. आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले दीर, चार दिवस बहिणीकडे हवापालटाला म्हणून गेले होते. कमलाक्का रडतच बोलत होत्या, त्यामुळे आधी मला काही कळेचना. मग हळूहळू उलगडा झाला. दिवेलागणीला अण्णांनी सवयीप्रमाणे विचारलं होतं, आज रात्री काय? कमलाक्का म्हणाल्या, पिठलं. ते ‘बरं’ म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले... ते उठलेच नाहीत. “माझ्या पिठल्यानं गेला का काय की गं,” कमलाक्का विचारत होत्या. त्या तसल्या वेळीही माझ्या मनात आलं, की अण्णांनी पिठल्याला नुसतं ‘बरं’ म्हणून सोडून दिलं, याचाच अर्थ त्यांना बरं नव्हतं. मेथी तिथेच टाकून मी घरी आले. या गोष्टीला आता दीड-दोन महिने झाले.

ज्यांच्या घरी रोजचा स्वयंपाक एकटीच्या गळ्यात असतो त्यांना वेगळं सांगायला नको, की करण्याचे कष्ट एकवेळ परवडले, पण ‘काय करायचं’ हे ठरवणं नको. मी तहसील कचेरीत नोकरीला. दिवसभर लोकांना उद्या या, परवा या असं सांगता येतं. रात्रीच्या जेवणाला तसं सांगता येत नाही. घरात यांना साखर, म्हणून भात बेताचा. सासूबाईंना दात नाहीत आणि सोमवारी कांदा-लसूण नाही. लेकीला, अमृताला, वांगं दिसलं तरी ताप यायचा. या सगळ्यांतून वाट काढत काहीतरी सुचवायचं, तेही कचेरीतून घरी येईपर्यंतच्या रिक्षात. सणावाराच्या पुरणपोळीचं कौतुक होतं, रोजच्या आमटीचं कोण करणार... रोज मरे त्याला कोण रडे.

अण्णा आमच्याकडे राहायला आले ते वहिनी गेल्यावर. मूलबाळ नव्हतं, सूतगिरणीतली नोकरी संपली होती. पहिले काही दिवस ते पाहुण्यासारखे अंग चोरून बसायचे, पाण्याचा तांब्यासुद्धा विचारून घ्यायचे. एकदा कचेरीतून येऊन मी ओट्याशी नुसतीच उभी होते. अण्णांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, काय करावं ते सुचत नाही. अण्णा चपला घालून बाहेर पडले. मला वाटलं, माझा त्रागा बघून घाबरले. गल्लीला वळसा घालून परत आले आणि दारातूनच म्हणाले, “लक्ष्मीबाईकडनं चिंचेचा वास यायलाय. कच्चा कांदा हाय त्यात, आन् भाजलेली मिरची. पातळ असणार बघ.” लक्ष्मीबाई समोर राहतात, विणकरांचं तेलुगू घर. मी अंदाजाने चिंचेचं पातळ सार केलं. सगळे दोन-दोनदा भात मागून जेवले, साखरवालेसुद्धा.

त्या दिवसापासून अण्णांना काम मिळालं. रोज संध्याकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ते वास घ्यायला निघत. आमच्या गल्लीसारखी गल्ली मिळायलाही नशीब लागतं. समोर तेलुगू घरं, मागे दखनी बोलणारे शेजारी, कोपऱ्यावर अक्कलकोटकडचं कानडी कुटुंब. प्रत्येकाची फोडणी वेगळी आणि प्रत्येकाची खिडकी रस्त्याकडे. अण्णा कुणाच्या दारात थांबत नसत, ते असभ्य म्हणे. चालता चालता खोकल्याचं निमित्त करून जरा रेंगाळायचे, एवढंच. घरी आल्यावर खुर्चीत बसून सविस्तर सांगायचे. स्वतः त्यांनी आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता. पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. “मोहरी जास्त तडतडली होती त्यांची,” असं म्हणून ते माझ्या कढईकडे असं बघायचे, की मी आपोआप गॅस बारीक करायची.

एकदा मात्र फजिती झाली. अण्णा फार खुशीत आले. लक्ष्मीबाईंच्या मागच्या बाजूने आज नवाच वास आहे, म्हणाले. शिजलेल्या पिठाचा, किंचित आंबूस, वर तेलाचा हलका हात. मी खूप डोकं चालवलं. शेवटी ताकात ज्वारीचं पीठ शिजवलं, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी दिली. सासूबाईंना चावावं लागलं नाही, म्हणून त्यांनी पहिल्यांदाच मला नावाने हाक मारून आणखी मागितलं. दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मीबाईंना मोठ्या कौतुकाने विचारलं, काल तो कोणता पदार्थ केला होता? त्या म्हणाल्या, काल आमचा गॅस संपला होता, आम्ही चिवडा खाऊन झोपलो. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि त्या हसत हसत पायरीवरच बसल्या. घरामागच्या शेडमध्ये सुताला लावायची खळ शिजत होती! आम्ही सहकुटुंब मागाच्या खळीवर ताव मारला होता. उभा जन्म सुतात काढलेला माणूस, त्याला खळीचा वास कळू नये? मी घरी येऊन अण्णांना धारेवर धरलं. ते जराही ओशाळले नाहीत. गिरणीत नुसतं सूत निघतं, खळ लावायचं काम पुढचं, असं म्हणाले. “शिवाय त्यांनी त्यात तेल घातलं होतं, मी तिथं फसलो.” पुढे तो पदार्थ आमच्याकडे ‘खळ’ याच नावाने होऊ लागला आणि अमृता मैत्रिणींना आग्रहाने वाढू लागली.

अशी बरीच वर्षं गेली. सासूबाई गेल्या, अमृताचं शिक्षण झालं, लग्न होऊन ती पुण्याला गेली. मग एका थंडीत अण्णांना ताप आला. ताप उतरला, पण त्यानंतर काहीतरी बिनसल्याचं मला जाणवत होतं. एका दुपारी गॅसवर दूध उतू जाऊन पातेल्याचा कोळसा झाला. मी न्हाणीघरातून वासानेच धावत आले, तर अण्णा स्वयंपाकघराच्या दाराशी शांतपणे पेपरचं पान उलटत होते. संध्याकाळी ते नेहमीसारखे फिरून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “आज लक्ष्मीबाईकडं भरली कारली हायत. लई मसालेदार वास सुटलाय.” लक्ष्मीबाई आठवडाभरासाठी लेकीकडे तेलंगणात गेल्या होत्या. त्यांच्या घराची किल्ली आमच्याच स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होती. माझी नजर त्या किल्लीकडे गेली. अण्णांचीही गेली.

मग अण्णा खाली बघत म्हणाले, “तापापास्नं नाक गेलंय गं. कशाचाच वास येईना. आता या घरात माझं काय काम राहिलं?”

मला फार वाईट वाटलं. त्यांच्या नाकाचं नव्हे... इतक्या वर्षांत हा माणूस रोज संध्याकाळी आमच्या घरात राहायचं भाडं भरल्यासारखा बाहेर पडत होता, आणि आपलं ताट त्या एका वासावर अवलंबून आहे असं मानत होता, याचं वाईट वाटलं. घर तुमचंच आहे वगैरे बोलले असते, तर त्यांनी मान डोलावली असती आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा तांब्या पुन्हा विचारून घेतला असता. मी त्यांना ओळखून होते. म्हणून मी कारली धुवायला घेतली आणि म्हटलं, “ते राहू द्या अण्णा. त्या कारल्यांत चिंच होती की गूळ, तेवढं आधी सांगा. मला उशीर होतोय.”

अण्णांनी किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “दोन्ही,” ते म्हणाले. आणि जरा वेळाने, “शेंगाचं कूट पण.”

त्यानंतर अण्णांचा खरा सुवर्णकाळ सुरू झाला. नाक होतं तोवर ते बातमीदार होते, नाक गेल्यावर लेखक झाले. कोपऱ्यावरच्या कानडी घरात केळफुलाची उसळ होऊ लागली, मागच्या शेजाऱ्यांकडे पेरूची आमटी. एका संध्याकाळी तर त्यांनी बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतून दोडक्याच्या धिरड्यांचा वास आणला. आम्हा दोघांपैकी कुणीच त्या किल्लीचा विषय पुन्हा काढला नाही. मी करत गेले, हे खात गेले. काही पदार्थ इतके भयंकर झाले, की हे ताटावरून उठताना नुसते ‘गल्ली बिघडली’ एवढंच म्हणायचे. अण्णा त्यावर गंभीरपणे मान हलवायचे, जणू चूक त्या शेजाऱ्यांची.

ते गेल्यापासून आमच्याकडे खिचडीच चालू आहे. परवा मी सलग कितव्यांदा तरी खिचडी वाढली, आणि हे ‘छान झालीय’ म्हणाले. त्यांच्या तोंडून खिचडीचं कौतुक ऐकून मला रडू आलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने खिचडीला कधी जेवण मानलं नव्हतं. मी बाहेर गॅलरीत जाऊन बसले.

काल संध्याकाळीही तशीच बसले होते. गल्लीतले निम्मे लोक एका लग्नाला गेलेले, समोर सगळा अंधार. तेवढ्यात अमृताचा फोन आला. नुकतीच ऑफिसातून आली होती, आवाज पार उतरलेला. घरात हिरवे टोमॅटो आहेत, दुसरं काही नाही, डोकं चालत नाही, म्हणाली. “आई, आज काय करू गं?”

मी समोरच्या अंधाराकडे बघत म्हटलं, “थांब जरा... लक्ष्मीबाईकडनं वास यायलाय बघ. हिरवे टोमॅटो तेलावर परतलेत. वर तिळाचं कूट घातलेलं दिसतंय.”

मग ती म्हणाली, “लक्ष्मीमावशी लग्नाला गेल्यात आई. मी आत्ताच त्यांचा फोटो बघितला, जेवायला बसल्यात.”

“तुला करायचं आहे का नाही?”

नाक ओढल्याचा आवाज आला. मग नळ सुरू झाला, टोमॅटो धुतल्याचं ऐकू आलं.

“करते की,” ती म्हणाली. “अजून कशाकशाचा वास येतोय, सांग.”